भार कमी करणारी घरे

घराला वीज किती लागते, याइतकेच ती केव्हा लागते हेही महत्त्वाचे ठरते. पुंडलिकनगरसारख्या दाट वस्तीत अनेक घरांचा भार एकाच रोहित्रावर असतो. २ किलोवॉटचे १०० गिझर पहाटे एकदम सुरू झाले, तर २०० केव्हीएचे रोहित्र तेवढ्यानेच पूर्ण भारित होते. गच्चीवरील सौर पॅनेल त्या वेळी उपयोगी पडत नाही. दुपारी पाणी तापवून ठेवणारा सौर बंब मात्र हा भार टाळतो. भिंती-खिडक्यांतून शिरणारी उष्णता रोखल्यास एसी कमी चालतो. त्यासाठी केंद्राने २०१८ मध्ये 'इको निवास संहिता' आणली. स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांसाठी १ जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतील वापरावर दरसवलत लागू झाली. धुलाई यंत्र आणि वाहनाचे चार्जिंग या वेळेत उरकल्यास संध्याकाळचा ताण हलका होतो.