नव्या लोडरचे पहिले पन्नास तास : हा नियम आला कुठून?

शेणखत भरायला, चाऱ्याच्या गाठी उचलायला माणूस मिळेना, म्हणून आपल्याकडेही छोटे लोडर दिसू लागलेत. कोणी ट्रॅक्टरला पुढून लोडर बसवतो, कोणी भाड्याच्या कामासाठी छोटं स्किड स्टीअर घेतो. यंत्र दारात आलं की हळदकुंकू, नारळ होतो आणि दुसऱ्या दिवशी ते कामाला जुंपलं जातं. अवर मीटर पन्नासवर आला की सर्व्हिसची वेळ होते, पण "नवीनच तर आहे, आत्ताच कशाला फिल्टर बदलायचा?" म्हणून ती पुढे ढकलली जाते. या पन्नास तासांमागे काय आहे ते समजलं, तर ढकलायची इच्छा होणार नाही. त्यासाठी थोडं मागे जाऊ.

सुरुवातीचा ट्रॅक्टर फक्त ओढायचा. अवजार उचलायचं काम माणसाच्या हाताचं, नाहीतर लिव्हरचं. आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसनने तीन जोडांची लिंक आणि ऑइलच्या दाबावर चालणारी लिफ्ट एकत्र आणली. 1936 साली ही रचना असलेला फर्ग्युसन-ब्राऊन ट्रॅक्टर बाजारात आला. आज आपल्या प्रत्येक ट्रॅक्टरच्या मागे तीच रचना आहे. आता पुढच्या बाजूच्या उचलण्याकडे येऊ. इंग्लंडमध्ये जोसेफ सिरिल बॅमफर्ड यांनी 1945 साली एका छोट्या गॅरेजात शेतीच्या ट्रॉल्या बनवायला सुरुवात केली आणि 1949 च्या सुमारास ट्रॅक्टरला बसणारा हायड्रॉलिक लोडर काढला. त्यांच्या नावाची तीन अक्षरं म्हणजेच जेसीबी. आपण तर खोदणाऱ्या कुठल्याही यंत्राला तेच नाव देऊन टाकलंय!

छोट्या लोडरची गोष्ट मात्र पक्की शेतकऱ्याची आहे. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात एडी व्हेलो नावाचा शेतकरी टर्की पक्षी पाळायचा. त्याचे गोठे दुमजली. खत काढायला यंत्र हवं, पण ते खांबांमधून जागच्या जागी वळलं पाहिजे आणि वरच्या मजल्याला पेलेल इतकं हलकं पाहिजे. रॉथसे गावात वेल्डिंग-दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या लुई आणि सिरिल केलर या भावांनी 1957 मध्ये त्याला तीन चाकी लोडर बनवून दिला. पहिल्या यंत्रात ताकद पट्टे आणि पुलीमधून चाकांपर्यंत जायची. गोठ्यातल्या रोजच्या कामाला ते पुरं पडेना, म्हणून भावांनी क्लचची नवी रचना केली. पुढे नॉर्थ डकोटातल्या मेलरो कंपनीने ते यंत्र हाती घेतलं, 1960 मध्ये चार चाकी केलं आणि नंतर त्याला बॉबकॅट नाव मिळालं.

मला यातून एक गोष्ट दिसते. यंत्र दुकानात कितीही चांगलं चालो, त्याचं खरं दुखणं कामाच्या पहिल्या दिवसांतच बाहेर पडतं. व्हेलोच्या गोठ्यात एका जातीच्या यंत्रांची जशी परीक्षा झाली, तशीच आपल्या प्रत्येक नव्या यंत्राची पहिल्या पन्नास तासांत होत असते.

आता 'गाडी मोकळी होऊ द्या' या सल्ल्याकडे येऊ. जुनी माणसं नवा ट्रॅक्टर आधी ट्रॉलीला लावायची, नांगराला नंतर. हा प्रकार आपल्याकडचाच होता असं नाही. इंग्लंडमध्ये एके काळी नव्या मोटारीच्या मागच्या काचेवर "गाडी नवी आहे, पुढे जा" अशा अर्थाची पाटी लावत. तेव्हाचे भाग आजच्याइतके काटेकोर घडत नसत. ते एकमेकांवर घासूनच बसायचे, म्हणून सबुरी लागायची.

आजही लायनरच्या आत मुद्दाम बारीक तिरप्या रेघा पाडतात. त्यांचे कंगोरे घासले जाऊन पिस्टनच्या रिंगा बसतात. पण रिंगेला लायनरवर दाबून धरणारा जोर जळणाऱ्या गॅसचा असतो. नुसतं तासन्‌तास आयडलला ठेवलं तर तो जोर मिळत नाही, लायनरला चकाकी येते आणि इंजिन ऑइल खायला लागतं. म्हणून नव्या इंजिनला मध्यम आणि बदलता भार द्या. फार जपू नका आणि पहिल्याच दिवशी दमही काढू नका.

दुसरा बदल त्याहून मोठा. पूर्वी काळजी इंजिनची होती, लोडरमध्ये ती हायड्रॉलिकचीही आहे. पंप आणि वॉल्व्हमधली फट काही मायक्रॉनची असते, आपल्या केसाच्या जाडीच्या कितीतरी पट कमी. कारखान्यात कापताना, वेल्डिंग करताना राहिलेले धातूचे कण आणि पाइपातला रबराचा चुरा पहिल्या तासांत ऑइलबरोबर फिरतो. तो पहिला फिल्टर पकडतो. फिल्टर तुंबला की ऑइल बायपासने न गाळताच पुढे जातं आणि पंप घासायला लागतो. फिल्टरची आणि पंपाची किंमत दुकानात एकदा शेजारी ठेवून बघा.

तर मंडळी, एवढं करा :

• चाकांचे नट पहिल्या काही तासांनी आणि नंतर रोज तपासा. नटाखालचा रंग दबला की पकड सैल होते. लोडरच्या फ्रेमचे बोल्टही बघा.
• पिन-बुशला दर दहा तासांनी ग्रीस द्या. निप्पल आधी पुसा, नाहीतर ग्रीसबरोबर मातीही आत जाते.
• पंख्याचा पट्टा सुरुवातीला ताणतो. त्याचा ताण बघा.
• पन्नास तासांना इंजिन ऑइल, हायड्रॉलिक आणि गिअरचे फिल्टर. काही मॉडेलला हा आकडा वेगळा असतो, पुस्तकात असेल तोच धरा.
• सर्व्हिसची तारीख आणि तास लिहून ठेवा, बिल जपा. वॉरंटी मागताना तेच विचारतात.

शेवटचं, सगळ्यात महत्त्वाचं. नव्या पाइपाचा जोड पाझरतोय का हे बोट फिरवून कधीही बघू नका. दाबाखालचं ऑइल सुईसारखं कातडीत शिरतं. वरून टाचणीएवढं भोक दिसतं, आतून हात सडतो, बोट कापायची वेळ येऊ शकते. पुठ्ठ्याचा तुकडा धरून बघा. आणि ऑइल आत शिरलंच तर दुखायची वाट न बघता लगेच दवाखाना गाठा, डॉक्टरांना "हायड्रॉलिक ऑइल शिरलंय" असं स्पष्ट सांगा. बकेट वर असेल तर आधाराची लोखंडी पट्टी लावल्याशिवाय खाली वाकू नका.

यंत्र नवं आहे म्हणून बिनधास्त राहू नका. नवं आहे तोवरच त्याच्याकडे जास्त लक्ष द्या.