विद्युत्पात व हृदय : एका निदानाचा इतिहास

जुन्नर तालुक्याच्या पूर्व पट्ट्यातील निमगाव सावा व त्याच्या आसपासच्या उघड्या माळरानावर वैशाखात वळवाचे ढग जमू लागले की शेतकरी व मेंढपाळ यांच्या मनात विजेचे भय उभे राहते. या भयाभोवती आपल्या समाजात दोन समजुती दीर्घकाळ नांदत आल्या आहेत. पायाळू मनुष्य वीज ओढून घेतो, ही पहिली. वीज पडलेल्या माणसाच्या देहात ती काही काळ राहते, म्हणून त्यास शिवू नये, ही दुसरी. पहिली समजूत निरुपद्रवी वाटते. दुसरी मात्र प्राणघातक आहे, आणि ती तशी का, हे विद्युत्पाताच्या वैद्यकीय इतिहासावरून स्पष्ट होते.

या इतिहासाचा आरंभ एका विद्वानाच्या मृत्यूने होतो. 1753 साली सेंट पीटर्सबर्ग येथे गेओर्ग रिखमान हा पदार्थवैज्ञानिक मेघविद्युतेचे मापन करीत असता उपकरणातून झालेल्या विसर्गाने तत्क्षणी मरण पावला. त्याच्या कपाळावर लाल डाग होता व एक जोडा फाटला होता. बाह्य इजा इतकी अल्प असता प्राण कशाने गेला, हा प्रश्न त्या काळी अनुत्तरितच राहिला.

उत्तराची पहिली खूण 1775 साली डेन्मार्कमधील पशुवैद्य पेटर आबिल्गार्ड याच्या प्रयोगांत सापडते. डोक्यावर विद्युदाघात केलेल्या कोंबड्या निष्प्राण पडत, आणि छातीवर पुन्हा आघात केला असता सावध होत. या निरीक्षणाचे मर्म उमगण्यास मात्र शतकाहून अधिक काळ लागला. विद्युत्प्रवाहाने हृदयाच्या निलयांत अनियमित तंतुकंपन उत्पन्न होते, हे हॉफा व लुडविग यांनी 1850 साली प्रसिद्ध केले. आकस्मिक मृत्यूचे कारण हेच असावे, असे मॅकविल्यम याने 1889 साली मांडले. 1899 साली जिनीव्हा येथील प्रेव्हो व बातेली यांनी कुत्र्यांवरील प्रयोगांत प्रबळ आघाताने ते कंपन थांबविता येते, हे दाखविले.

तथापि घरगुती वीज व आकाशातील वीज यांचा परिणाम एकच नव्हे. प्रत्यावर्ती प्रवाह बहुधा तंतुकंपन घडवितो. उलट विद्युत्पाताचा प्रवाह हजारो अँपिअरचा, परंतु अत्यल्पकाळ टिकणारा असतो. त्याने हृदयाच्या पेशी एकाच वेळी उत्तेजित होऊन ठोका थांबतो, आणि पुष्कळदा हृदय आपल्या अंगभूत स्वयंप्रेरणेने पुन्हा चालू होते. श्वसनकेंद्राची बधिरता मात्र अधिक काळ टिकते. अशा वेळी कृत्रिम श्वासोच्छ्वास न दिल्यास प्राणवायूअभावी हृदय दुसऱ्यांदा बंद पडते. हा दुसरा मृत्यू टाळता येण्याजोगा असतो. बालहृद्रोगतज्ज्ञ हेलन टॉसिग यांनी 1968 साली विद्युत्पाताने येणाऱ्या मृत्यूची व पुनरुज्जीवनाच्या शक्यतेची चर्चा केली, तिचे महत्त्व येथे आहे. एकाच वेळी अनेकांवर वीज पडली असता निपचित पडलेल्यांकडे प्रथम धावावे, हा आजचा नियम याच विचारातून निघाला आहे. इतर आपत्तींत याच्या उलट वागावे लागते.

जे वाचतात, त्यांच्याही हृत्स्नायूस इजा झालेली असू शकते. विद्युत्-हृल्लेखात बदल, रक्तातील हृत्स्नायू-प्रथिनांची वाढ, तालाची अनियमितता, क्वचित् हृदयाची आकुंचनशक्ती मंदावणे, ही त्याची लक्षणे होत. पुष्कळ रुग्णांत ती यथावकाश ओसरतात. म्हणून वरून धडधाकट दिसणाऱ्यासही तपासणीवाचून घरी धाडणे योग्य नव्हे.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार 2022 साली भारतात विजेने 2,887 जणांचा बळी घेतला. 1962 साली पुण्यात स्थापन झालेल्या उष्णदेशीय हवामान संस्थेने ‘दामिनी’ हे पूर्वसूचना देणारे भ्रमणध्वनी-उपयोजन सिद्ध केले आहे. परंतु सूचना येऊनही वीज पडलीच, तर पुढील काही मिनिटे सर्वस्वी जवळच्या माणसाच्या हाती असतात. मानवी देह विद्युत्भार साठवून ठेवीत नाही. वीज पडलेल्यास तत्काळ स्पर्श करण्यात धोका नाही. मात्र वादळ चालू असल्यास त्यास शक्य तितक्या लवकर आडोशाला न्यावे. एकाकी झाड, उघडा माळ व उंचवटा हीच विजेची खरी निमंत्रणे होत. पायाळूपणाचा तिच्याशी संबंध नाही. छातीवर दाब व तोंडाने श्वास देण्याची विद्या ज्या गावात दोघाचौघांस अवगत असेल, तेथे रिखमानच्या काळी अशक्य असलेली गोष्ट साध्य होऊ शकते.