गाडीची समोरची काच तडकली तर : कमी खर्चात काय करता येतं, काय करू नये

रोहिणखेड (ता. मोताळा) : गिट्टीचा डंपर पुढे चालला असला की त्याच्या मागे गाडी चालवणं म्हणजे काचेवर दगड घेण्याची तयारी. रस्त्याचं काम चालू असलं, तर समोरून येणाऱ्या ट्रकच्या चाकातूनही गिट्टी उडते. शेताच्या वाटेवर मुरूम उडतो, बाभळीची फांदी घासते. ज्वारी हुरड्यात आली की पाखरं हाकलणाऱ्याच्या गोफणीचा दगडही कधी रस्त्यावर येतो. मग समोरच्या काचेवर "टक्" असा आवाज होतो आणि हरभऱ्याच्या दाण्याएवढा टवका दिसतो.

त्यावर पाराच्या कट्ट्यावरचा सल्ला ठरलेला असतो. एकजण म्हणतो, "कायले खर्च करता भाऊ, चालू द्या." दुसरा म्हणतो, "अख्खी काच बदला लागते." पहिल्याचं ऐकलं तर लहान खर्चाचा मोठा होतो. दुसऱ्याचं ऐकलं तर गरज नसताना मोठा खर्च होतो.

मी स्वतः पहिल्याचं ऐकलं होतं. टवका लहान होता, आठ दिवस तसाच ठेवला. मे महिन्यात मलकापूरहून येताना तापलेल्या गाडीत एसी पूर्ण सोडला आणि धामणगाव बढे यायच्या आत टवक्यापासून चीर निघून ड्रायव्हरच्या बाजूपर्यंत गेली. त्याच आठवड्यात रात्री वडिलांना बुलढाण्याला दवाखान्यात न्यावं लागलं. राजूर घाटात समोरच्या गाडीचा लाईट त्या चिरेवर पडला की अख्खी काच पांढरी दिसायची. तो घाट मी पहिल्या गिअरमध्ये चढलो. शेवटी काच बदलली, बिल झालं ४,८०० रुपये. पहिल्याच दिवशी टवका भरून घेतला असता तर काही शे रुपयांत भागलं असतं. तेव्हा जे कळलं ते खाली सांगतो.

समोरची काच वेगळी असते

गाडीच्या बाजूच्या काचा साधारणपणे टफन्ड असतात. फुटल्या की त्यांचा बारीक चुरा होतो. समोरची काच लॅमिनेटेड असते. तिच्यात काचेचे दोन थर असतात आणि त्यांच्या मधात प्लास्टिकचा पातळ पारदर्शक पडदा. दगड लागला तर बहुतेक वेळा बाहेरचा थरच फुटतो, पडदा आणि आतला थर शाबूत राहतो. म्हणून काच तडकली तरी अंगावर पडत नाही.

ही युक्ती फ्रान्सच्या एदुआर बेनेडिक्टस यांना १९०३ मध्ये सुचली, असं सांगतात. प्रयोगशाळेत काचेचं एक भांडं खाली पडलं, तडे गेले, पण तुकडे विखुरले नाहीत. आत वाळलेल्या रसायनाच्या थराने ते धरून ठेवले होते. आपल्याकडे केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम १०० प्रमाणे गाडीला सेफ्टी ग्लास लागते आणि समोरची काच लॅमिनेटेडच लागते.

काचेचं काम फक्त वारा अडवायचं नाही. गाडी उलटली तर टप दबू नये म्हणून ती आधार देते. बऱ्याच गाड्यांत डाव्या बाजूची एअरबॅग फुगताना याच काचेला टेकून माणसाकडे वळते. काच ढिली बसवली असली तर एअरबॅगही नीट काम करत नाही.

पहिल्या दिवशी काय करावं

१. गाडी सावलीत लावा. काच स्वच्छ कोरड्या कापडाने हलकेच पुसा.
२. टवक्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावा. आत धूळ आणि पाणी गेलं तर पुढे भरलेलं रसायन नीट धरत नाही. पट्टी नजरेच्या आड येत असेल तर गाडी चालवू नका.
३. टवक्याशेजारी रुपयाचं नाणं धरून मोबाईलवर फोटो काढा. आकारही कळतो आणि विम्यालाही कामी येतो.
४. गाडीच्या आतून त्या जागी नख फिरवा. नखाला खाच लागली तर आतला थरही फुटला आहे, मग काच बदलावीच लागते.
५. चिरेच्या टोकाला मार्करने बारीक खूण करा. दोन दिवसांनी चीर खुणेच्या पुढे गेली असेल तर ती चालती आहे, थांबू नका.

काय करू नये

तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नका. आपल्या भागात उन्हाळ्यात पारा ४२-४३ च्या पुढे जातो आणि उन्हात उभ्या गाडीची काच त्याहून जास्त तापते. गार पाणी पडलं की वरचा थर एकदम आकसतो आणि चीर पळते. तापल्या काचेवर एसीचा झोत सोडला तरी तेच. आधी खिडक्या उघडून गरम हवा जाऊ द्या, मग एसी हळूहळू वाढवा. थंडीत काचेवर दव साचलं तरी गरम पाणी टाकू नका.

वॉशिंग सेंटरचा जोराचा फवारा टाळा. दारं धाडकन आपटू नका. खड्ड्यातून गाडी सावकाश काढा, कारण सांगाडा पिळतो तशी काचही पिळते.

टवक्यात झटपट चिकटणारा गोंद भरू नका. तो कडक होऊन पांढरा पडतो आणि मग खरं रसायन आत जायला जागा उरत नाही. टूथपेस्ट, नेलपॉलिश यांनीही चीर भरत नाही.

भरून घ्यायची की बदलायची?

मोठ्या गावातल्या काचेच्या दुकानात टवका भरून देतात. टवक्यातली हवा ओढून घेतात, पातळ रेझिन दाबाने आत सोडतात आणि अतिनील दिव्याखाली ते वाळवतात. साधारण अर्ध्या-पाऊण तासाचं काम असतं. पुसट डाग राहतो, पण चीर थांबते. नव्या काचेच्या तुलनेत खर्च फारच कमी येतो.

भरून घेता येतं :
- टवका रुपयाच्या नाण्यापेक्षा लहान असला तर
- चीर वीतभराच्या आत असली तर
- फक्त बाहेरचा थर फुटला असला तर
- जागा ड्रायव्हरच्या थेट नजरेसमोर नसली तर

बदलावी लागते :
- चीर काचेच्या कडेपर्यंत गेली असली तर. कडेला काच सगळ्यात कमजोर असते.
- आतला थर फुटला असला तर
- बऱ्याच चिरा एकमेकींना मिळाल्या असल्या तर
- ड्रायव्हरसमोर मोठा तडा असला तर, कारण भरल्यावर राहिलेला डागही रात्री लाईटमध्ये चमकतो

ऑनलाईन किटही मिळतात. पंपासारखी नळी, रेझिनची बाटली, उन्हात वाळवायची पट्टी असं सामान असतं. अगदी लहान टवक्याला ती चालतात. रेझिन सावलीत भरायचं, आतला बुडबुडा निघाल्यावरच गाडी उन्हात आणायची. एक लक्षात ठेवा, संधी एकदाच मिळते. वाकडंतिकडं भरलेलं वाळलं तर नंतर दुकानदारालाही ते सुधारता येत नाही. लांब चिरेवर किटचे पैसे घालवू नका.

विम्याचा हिशोब आधी कागदावर करा

थर्ड पार्टी विमा असेल तर काचेचा एक रुपयाही मिळत नाही. काचेसाठी कॉम्प्रिहेन्सिव्ह म्हणजे स्वतःच्या गाडीचं नुकसान भरून देणारी पॉलिसी लागते. तिच्यात काचेवर घसारा कापत नाहीत. प्लास्टिक आणि रबराच्या भागांवर मात्र झिरो डेप नसेल तर ५० टक्के कापतात. शिवाय १५०० सीसीपर्यंतच्या कारला पहिले १,००० रुपये आणि त्यावरच्या कारला २,००० रुपये आपल्यालाच भरावे लागतात.

खरा खर्च पुढे असतो. दावा केला की नो क्लेम बोनस साधारणपणे शून्यावर येतो. हा बोनस बिनदाव्याच्या वर्षांप्रमाणे २०, २५, ३५, ४५ आणि ५० टक्के असा वाढतो आणि हप्त्यातल्या स्वतःच्या नुकसानीच्या भागावर मिळतो.

उदाहरण घेऊ. समजा तो भाग ६,००० रुपये आहे आणि सध्या २५ टक्के बोनस आहे. दावा केला नाही तर पुढची वर्षं ३५, ४५, ५०, ५०, ५० टक्के सूट मिळेल. दावा केला तर ०, २०, २५, ३५, ४५ टक्के. दर वर्षीचा फरक असा : २,१००, १,५००, १,५००, ९००, ३००. एकूण ६,३०० रुपये, जीएसटी वेगळा. गाडी जुनी होते तसा हप्ता कमी होतो, म्हणून खरा आकडा थोडा खाली येईल. पण अंदाज कळतो.

आता काच ५,५०० ची असेल तर विम्यातून हाती येणार ४,५०० आणि बोनसात जाणार त्याहून जास्त. अशा वेळी खिशातून भरलेलं परवडतं. काच १८,००० ची असेल तर दावा करावा. बोनस सुरक्षित ठेवणारं जोडकलम घेतलेलं असेल तर हिशोब बदलतो. काही कंपन्या टवका भरण्याचा खर्च बोनसला हात न लावता देतात. पॉलिसीचा कागद काढा, एजंटला फोन करा, "बोनस जाईल का?" हे आधी विचारा आणि उत्तर मेसेजवर घ्या.

दावा करायचा ठरला तर काच काढायच्या आधी कंपनीला कळवा. आधी बदलून मग बिल पाठवलं तर दावा अडकू शकतो. कंपनीने दाद दिली नाही तर आधी तिच्या तक्रार विभागाकडे लेखी द्या. त्यानंतर विमा नियामक प्राधिकरणाचं 'बीमा भरोसा' पोर्टल आहे, फोन १५५२५५.

नवी काच घेताना

काचेच्या कोपऱ्यातला शिक्का वाचा. आयएसआय खूण, आयएस २५५३ हा मानक क्रमांक, बनवणाऱ्याचं नाव आणि लॅमिनेटेड असा उल्लेख पाहा. समोरच्या काचेवर टफन्ड लिहिलं असेल तर स्वस्त असली तरी घेऊ नका.

गाडीच्या कंपनीचा शिक्का असलेली काच महाग पडते. असाही इंडिया, सेंट-गोबेन सेक्युरिट असे मोठे उत्पादक गाड्यांच्या कंपन्यांनाही काच देतात आणि खुल्या बाजारातही विकतात. खुल्या बाजारातली काच बऱ्याचदा बरीच स्वस्त मिळते. मोताळ्यात नसेल तर मलकापूर, बुलढाणा, खामगाव अशा तीन ठिकाणी फोन लावून भाव घ्या. काच, गोंद, पट्टी, मजुरी आणि जीएसटी असा पूर्ण भाव विचारा, नाहीतर काच स्वस्त सांगून बाकीचं मागाहून लावतात. पक्कं बिल घ्या आणि पाणी गळलं तर दुरुस्तीची जबाबदारी बिलावर लिहून घ्या.

भंगारातली जुनी काच घेणं टाळा. काढताना कडेला न दिसणारे तडे गेलेले असतात. काचेवर कॅमेरा किंवा पावसाचा सेन्सर असलेली नवी गाडी असेल तर काम अधिकृत ठिकाणीच करा, कॅमेरा पुन्हा जुळवावा लागतो.

बसवताना उभं राहून पाहा

जुन्या जीप आणि टेम्पोंच्या काचा रबराच्या पट्टीत बसतात. आताच्या कारना पॉलियुरेथेन गोंद लागतो. न्हाणीघरात वापरतात ते सिलिकॉन इथे चालत नाही. जुना गोंद कापल्यावर पत्र्याला गंज असेल तर तो घासून प्रायमर लावायला सांगा, नाहीतर पहिल्याच पावसात पाणी आत येतं.

गोंद धरायला किती तास लागतील ते कारागिराला विचारा आणि तेवढा वेळ गाडी हलवू नका. पहिला दिवस चिकटपट्ट्या काढू नका, खिडकी बोटभर उघडी ठेवा, गाडी धुऊ नका. दुसऱ्या दिवशी बादलीने हळू पाणी टाकून आत थेंब येतो का ते पाहा. वायपरचं रबर झिजलं असेल तर तेही बदला. त्यात अडकलेली रेती नव्या काचेवर ओरखडे पाडते.

फास्टॅग विसरू नका

जुन्या काचेवरचा फास्टॅग काढला की बहुधा खराब होतो, दुसरीकडे चिकटवला तर चालत नाही. काच बदलायच्या आधीच आपल्या बँकेकडून बदली टॅग मागवा. खात्यातली शिल्लक कायम राहते. टॅगशिवाय टोलवर गेलात तर जादा पैसे द्यावे लागतात.

पिवळ्या पाटीची गाडी असेल तर फिटनेसच्या तारखेकडेही बघा. आठ वर्षांपर्यंतच्या गाडीला दोन वर्षांनी आणि त्यापुढे दरवर्षी तपासणी असते. तडकलेल्या काचेवर गाडी तिथून परत येऊ शकते.

दगड लागू नये म्हणून

गिट्टी किंवा रेतीच्या डंपरमागे चिकटून चालू नका. तो जाऊ द्या, नाहीतर मागे बरंच अंतर ठेवा. कच्च्या पट्ट्यात समोरून मोठी गाडी आली की वेग कमी करा. दगडाचा मार आपल्या आणि त्याच्या वेगाच्या बेरजेने बसतो.

गावात रात्री कोणाला दवाखान्यात न्यायचं झालं की दारात उभी असलेली गाडीच कामी येते. तिची काच स्वच्छ आणि शाबूत असलेली बरी. टवका आज दिसला असेल तर आजच चिकटपट्टी लावा आणि या आठवड्यातच भरून घ्या.