पुण्याचा आरसा, परभणीचे अक्षांश

दुर्बीण घरी करायची म्हटले की मुले आधी भिंगाची चौकशी करतात. पण मोठ्या दुर्बिणी आरशाच्या असतात, आणि असा आरसा महाराष्ट्राला नवा नाही. १८८८ साली पुण्याच्या सायन्स कॉलेजात महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा सुरू झाली. तिच्यात २० इंची परावर्तक दुर्बीण होती आणि प्रमुख होते प्रा. कावसजी दादाभाई नायगमवाला.

त्या वेळी नॉर्मन लॉकियर या नामवंत शास्त्रज्ञांचे मत असे होते, की मृग नक्षत्रातील तेजोमेघाच्या वर्णपटातली मुख्य हिरवी रेषा मॅग्नेशियमची आहे. तसे असते, तर ती एका अंगाला पसरट दिसली असती. नायगमवालांना ती स्वच्छ आणि रेखीव दिसली. नाव मोठे म्हणून त्यांनी वेध दडपला नाही. १९२७ साली बोवेन यांनी दाखवून दिले, की ती रेषा दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची आहे. १९१२ साली नायगमवाला निवृत्त झाले आणि दुर्बीण कोडईकनालला गेली.

आता परभणीच्या एखाद्या शाळेने तोच तेजोमेघ टिपायचा ठरवला, तर काय लागेल? ६ इंच व्यासाचा, ७५० मिलिमीटर नाभीय अंतराचा आरसा घेऊ. काचेच्या दोन चकत्या कार्बोरंडम पूड घालून एकमेकींवर घासल्या, की वरची आपोआप खोलगट होते. मध्यभागी ही खोली २ मिलिमीटरसुद्धा नसते! पृष्ठभागातली चूक मात्र मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहूनही कमी हवी. ती शोधायला एक दिवा, बारीक छिद्र आणि दाढीचे पाते पुरते. फूको यांनी ही कसोटी १८५८ साली सांगितली.

छायाचित्रणासाठी आराखडा थोडा बदलावा लागतो. कॅमेऱ्याचा संवेदक त्याच्या तोंडापासून बराच आत असतो. म्हणून प्रतिमा नळीबाहेर अधिक दूर पडावी लागते. त्यासाठी मुख्य आरसा नळीत थोडा वर घ्यायचा आणि तिरपा छोटा आरसा जरा मोठा ठेवायचा. अशा दुर्बिणीत आकाशातला एक अंश संवेदकावर १३ मिलिमीटर होतो. तेजोमेघ त्यात सहज मावतो.

खरी अडचण पृथ्वीच्या फिरण्याची. एका सेकंदात प्रतिमा ०.०५ मिलिमीटर सरकते. संवेदकाचे ठिपके ४ मायक्रॉनचे असतील, तर ताऱ्याची १३ ठिपक्यांएवढी रेघ उमटते. म्हणून दुर्बीण ज्या अक्षाभोवती फिरवायची, तो ध्रुवाकडे रोखलेला हवा. परभणीत तो जमिनीशी सुमारे सव्वाएकोणीस अंशांचा कोन करतो, कारण परभणीचे अक्षांशच तेवढे आहेत. या अक्षाला मोटर जोडून तीस-तीस सेकंदांची अनेक चित्रे घ्यायची आणि संगणकावर एकावर एक रचायची. बॉइल व स्मिथ यांनी १९६९ साली सीसीडीची कल्पना मांडली, तिथून ही सोय सुरू झाली.

त्या चित्रात मध्यभागी हिरवट झाक दिसली, तर मुलांना पुण्याच्या त्या रेषेची गोष्ट जरूर सांगावी. आरसा लहान असला तरी चालेल. दिसले तेच लिहायचे, ही सवय मात्र नायगमवालांचीच हवी.