वॉल्टर फ्रान्सिस व्हाइट

वॉल्टर फ्रान्सिस व्हाइट (१ जुलै, १८९३:अटलांटा, जॉर्जिया, अमेरिका - २१ मार्च, १९५५:न्यू यॉर्क, अमेरिका) हे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्क चळवळीचे नेते व लेखक होते. ‘नॅशनल असोसिएशन फॉर द ॲडव्हान्समेंट ऑफ कलर्ड पीपल’ (एनएएसीपी) या संस्थेचे ते १९३१ पासून मृत्यूपर्यंत सचिव होते.

पार्श्वभूमी

व्हाइट यांचा वर्ण गोरा, केस सोनेरी आणि डोळे निळे होते. तरीही त्यांचे काही पूर्वज आफ्रिकी वंशाचे असल्यामुळे दक्षिणेकडील राज्यांच्या रूढ नियमाप्रमाणे ते कृष्णवर्णीयच ठरत. अशा उजळ वर्णाच्या काही व्यक्ती घरादाराशी संबंध तोडून गोऱ्या समाजात मिसळून जात. या प्रकारास ‘पासिंग’ म्हटले जाई. व्हाइट यांनी तो मार्ग पत्करला नाही. १९०६ च्या अटलांटा दंगलीत गोरा जमाव आपल्या घरावर चालून आला, तेव्हाच आपण कोण आहोत हे उमगले, असे त्यांनी आत्मचरित्रात नमूद केले आहे.

झुंडबळींचा तपास

१९१८ मध्ये एनएएसीपीत दाखल झाल्यावर व्हाइट यांनी आपल्या रूपाचा उपयोग तपासासाठी केला. गोरा प्रवासी किंवा वार्ताहर म्हणून ते घटनास्थळी जात आणि हत्येत सामील असलेल्यांकडूनच माहिती काढून घेत. ही माणसे बहुधा आपल्या कृत्याची फुशारकी मारत. अशा रीतीने त्यांनी ४१ झुंडबळी व ८ वांशिक दंगलींचा तपास केला.

१९१९ मध्ये आर्कान्सातील एलेन येथे कृष्णवर्णीय कुळांचे हत्याकांड झाले. तेथे ते ‘शिकागो डेली न्यूज’चे वार्ताहर म्हणून गेले आणि राज्यपालांनाही भेटले. ओळख उघडकीस आल्याची कुणकुण लागताच त्यांनी मिळेल त्या गाडीने गाव सोडले. एक गोरा वाटणारा कृष्णवर्णीय गावात आला असून लोक त्याला धडा शिकवणार आहेत, ही बातमी त्यांना गाडीच्या कंडक्टरनेच दिली. या प्रकरणी १२ कृष्णवर्णीयांना मृत्युदंड ठोठावण्यात आला होता. जमावाच्या दडपणाखाली चालवलेला खटला न्याय्य नसतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९२३ च्या ‘मूर विरुद्ध डेम्प्सी’ निकालात म्हटले. पुढे या सर्वांची सुटका झाली.

उत्तरकाल

१९३१ मध्ये व्हाइट यांच्या वडिलांना मोटारीने धडक दिली. रुग्णालयात त्यांना गोरे समजून गोऱ्यांच्या कक्षात ठेवण्यात आले. मात्र सावळ्या वर्णाचा नातेवाईक भेटीस येताच कृष्णवर्णीयांच्या गलिच्छ कक्षात हलवण्यात आले. तेथेच त्यांचे निधन झाले.

व्हाइट यांनी झुंडबळीविरोधी केंद्रीय कायद्यासाठी अनेक वर्षे प्रयत्न केले, परंतु दक्षिणेकडील सिनेटरांनी तो मंजूर होऊ दिला नाही. १९४९ मध्ये घटस्फोटानंतर त्यांनी गौरवर्णीय पॉपी कॅनन यांच्याशी विवाह केला. त्यामुळे संस्थेत वादंग माजले, तरी सचिवपद त्यांच्याकडेच राहिले. शाळांमधील वर्णभेद घटनाबाह्य ठरवणारा १९५४ चा ‘ब्राऊन’ निकाल त्यांच्याच कारकिर्दीत लागला.

‘द फायर इन द फ्लिंट’ (१९२४), पासिंग हाच विषय असलेली ‘फ्लाइट’ (१९२६) या कादंबऱ्या, ‘रोप अँड फॅगट’ (१९२९) हा झुंडबळींवरील अभ्यास आणि ‘अ मॅन कॉल्ड व्हाइट’ (१९४८) हे आत्मचरित्र त्यांनी लिहिले.