संन्याशाचा संसार

आमच्या नगरच्या मंडळीत समाधानावर उपदेश असला की रेव्हरंड टिळक आलेच. (अहिल्यानगर म्हणायची सवय माझ्या जिभेला अजून लागायची आहे.) नारायण वामन टिळकांनी 1917 साली अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली, पगार नाकारला आणि ख्रिस्ती संन्यास घेतला. एवढं सांगून पाळकसाहेब पुढच्या वचनाकडे वळतात. मी मात्र तिथेच अडकते. पगार गेल्यावर त्या घरातली चूल कशी पेटत होती? मुलींच्या शाळेत इतिहास शिकवण्यात माझी हयात गेली. थोरांच्या चरित्रांत वाणसामानाचा हिशेब शोधायची खोड तेव्हाची.

पगार सोडणं म्हणजे काय, हे कळायला तेव्हाचं मिशन कंपाउंड डोळ्यांपुढे आणावं लागतं. मिशन 1831 साली नगरला आलं. बाप्तिस्मा घेतला की पुष्कळांचे भाऊबंद तुटत, गावातला आसरा जाई. मग मिशनची शाळा, मिशनची नोकरी, राहायला मिशनचीच खोली. 1896-97 आणि 1899-1900 च्या दुष्काळांत मिशननं अनाथ पोरं जगवली, तर लोक म्हणू लागले, पोटासाठी बाटले. टोमणा अन्यायाचा होता. पण मिशनचा पैसा परदेशातून यायचा, हे टोमणे मारणाऱ्यांना आयतंच निमित्त.

टिळकांना पोटभरू म्हणायची सोय नव्हती. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतल्यावर चित्पावनांच्या या मुलाची जात गेली, नातीगोती गेली, काही वर्षं बायको-मुलगाही दुरावले. तरीही पुढं ते मिशनच्याच पगारावर जगत होते, आणि परक्याच्या पैशावर उभी राहिलेली मंडळी स्वतःच्या पायांवर कधी उभी राहायची, हा घोर त्यांना होता. शेवटी त्यांनी स्वतःपासून सुरुवात केली. साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना जागा होती, तशी न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही. मिशनच्या शिस्तीत हे बसणारं नव्हतंच.

तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं टिळक सांगत. तुकोबांनी कर्जखतं इंद्रायणीत बुडवल्याची कथा सगळ्यांना ठाऊक आहे. त्याआधी भाऊ कान्होबाचा निम्मा वाटा काढून दिला होता, एवढं तरी कथा सांगते. त्यांच्या बायकोला, आवलीला, कुणी काही विचारल्याचं मात्र ऐकिवात नाही. तिचं म्हणणं आपल्याला कळलं ते कीर्तनकारांच्या तोंडून, तेही बहुतेक कजाग बायको म्हणून, हशा पिकवायला.

टिळकांच्या घरातल्या आवलीनं लेखणी धरली. लक्ष्मीबाईंचं ‘स्मृतिचित्रे’ 1934 पासून भागाभागानं निघालं. शाळेत कधी न गेलेली, अकराव्या वर्षी लग्न झालेली ही बाई. तिच्या पुस्तकात टिळक कवी आहेत, भक्त आहेत, आणि हातात पैसा न टिकणारे, क्षणात तापणारे गृहस्थही आहेत. घरात कुणी ना कुणी वस्तीला असायचंच: दुष्काळातली पोरं, विद्यार्थी, काही काळ बालकवी ठोंबरे. वाढायचं लक्ष्मीबाईंनी. पण पुस्तकात रडगाणं नाही. नवऱ्याची फजिती सांगताना त्या आपलीही सांगून टाकतात.

त्यांचा विश्वास नवऱ्याच्या पाठोपाठ आपोआप आला नाही. नवरा बाटल्यावर त्या काही वर्षं नातेवाइकांकडे नाशिक-पंढरपूरला राहिल्या. परत एकत्र आल्यावरही सोवळं सांभाळत वेगळा स्वयंपाक केला. एकेक करत ते सुटत गेलं आणि 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. प्लेगच्या दिवसांत नगरला रोग्यांची शुश्रूषा केली. मला विचाराल तर, साताऱ्याच्या संन्यासापेक्षा ही गोष्ट उपदेशाला जास्त उपयोगी. संन्यास टिळकांनी एकदा घेतला. बिनपैशाचं घर लक्ष्मीबाई लग्न झाल्यापासून चालवत होत्या, आणि तेही हसत.

दरबार फार चालला नाही. 9 मे 1919 ला टिळक मुंबईत वारले. त्यांच्याकडून स्फूर्ती घेऊन जॅक विन्सलो या इंग्रज पाळकानं 1922 साली ख्रिस्त सेवा संघ काढला. त्यातले गोरे लोक खादी नेसून भुईवर बसून जेवत. टिळकांचं ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्तावरचं काव्य अपुरं राहिलं होतं. पहिले काही अध्याय तेवढे त्यांचे, बाकीचे बहुतेक सगळे लक्ष्मीबाईंनी रचले. हा ग्रंथ आता फारसा कुणी वाचत नाही. मीही सलग वाचलेला नाही. ‘स्मृतिचित्रे’ मात्र ज्या घरांत बायबलचं पानही कुणी उलटलेलं नाही, तिथेही सापडतं. ते वाचलेल्यांना टिळकांचा संन्यास आठवेलच असं नाही. पैसे घेऊन बाहेर पडलेले टिळक घरी काय घेऊन येतील, ही लक्ष्मीबाईंची धास्ती मात्र पक्की लक्षात राहते.