पांढऱ्या कपड्यांचं माणूस

घड्याळ काढून ठेवा. मोबाईल गाडीतच राहू द्या, इथे त्याला रेंज मिळायला बरीच दशकं लागतील. मे १९४५ चा शेवटचा आठवडा चालू आहे. सकाळी तुम्ही डहाणू रोड स्टेशनला उतरलात, आशागड मागे टाकलंत आणि आता भर दुपारी चारोटीच्या आसपास कुठेतरी वाट चुकला आहात. अंगात पांढरा सदरा आणि पांढरा लेंगा. या कपड्यांकडे लक्ष असू द्या, पुढे तेच आडवे येणार आहेत.

टोलनाका शोधू नका. सहापदरी रस्ता नाही, उड्डाणपूल नाही, वडापावच्या गाड्या नाहीत. पालघर जिल्हासुद्धा नाही, तो २०१४ साली होईल. तुम्ही ठाणे जिल्ह्यात आहात. ओळखीचा म्हणावा तर एक महालक्ष्मीचा सुळका. चैत्री पुनवेच्या मध्यरात्री वाघाडीच्या पुजाऱ्याने वर झेंडा लावला, यात्रा भरली, उठली. आता त्या बाजूने साधी हवासुद्धा येत नाही. सागाला पान नाही, त्यामुळे सावली नाही. सूर्या नदी आटून आटून एका कडेला गेली आहे. तुमच्या बाटलीतलं पाणी केव्हाच संपलं.

पाडा दिसतो आणि तुम्हाला हायसं वाटतं. पाड्याला तसं वाटत नाही. अंगणात खेळणारी पोरं तुम्हाला बघतात आणि क्षणात दिसेनाशी होतात. एक म्हातारा उठून झोपडीच्या मागे जातो. एक कोंबडीही कुणीतरी घाईघाईने उचलून आत नेली. तुम्ही हाक मारता, उत्तर नाही.

दोष तुमचा नाही, सदऱ्याचा आहे. इथे पांढऱ्या कपड्यांत येतो तो सावकाराचा माणूस, नाहीतर जमीनदाराचा, नाहीतर सरकारचा. आणि येतो तो काहीतरी न्यायलाच. कोंबडी नेतो, लाकूड नेतो, नाहीतर माणूसच नेतो, वेठीला. पाऊस पडला की आधी जमीनदाराचं शेत नांगरायचं, आधी त्याची लावणी करायची, पैसा नाही मागायचा. स्वतःची पट्टी मागाहून, वेळ उरला तर. जो गेला नाही त्याने मार खायचा. डी. सायमिंग्टन नावाच्या आयसीएस अधिकाऱ्याने १९३०च्या दशकाच्या अखेरीस मुंबई सरकारसाठी यावर अहवाल लिहिला. म्हणजे सरकारला ठाऊक होतं, नव्हतं असं नाही. ठाऊक असणं आणि थांबवणं यांत किती अंतर असतं ते या पाड्यावर बसून मोजता येईल.

तुम्ही मात्र मोजायला बसलेले नाही. तुमच्या डोळ्यांपुढे अंधारी आली म्हणून तुम्ही बसलात, अंगणाच्या कडेला, जमिनीवरच.

बरंच झालं. सावकाराचा माणूस जमिनीवर बसत नाही.

दारात एक बाई येऊन उभी राहते. गुडघ्याच्या वर घट्ट नेसलेलं लुगडं, हातात कोयता. ती तुमच्याकडे बघते आणि तुम्ही तिच्याकडे. इथे मला मध्येच बोलावं लागतं, कारण तुमच्या मनात काय आलं ते मला कळलं: आदिवासी माणसं भोळी, प्रेमळ, दारी आलेल्याला उपाशी पाठवत नाहीत वगैरे. हे डोक्यातून काढा. याच पट्ट्यात, गडचिंचले गावी, १६ एप्रिल २०२० च्या रात्री मुंबईहून सुरतेकडे निघालेले दोन साधू आणि त्यांचा चालक जमावाने ठार मारले. मुलं पळवणारे, चोर फिरताहेत अशी आवई उठली होती. परक्याची भीती या बाईच्याही पोटात आहे आणि तिच्या भीतीला तर कारणंही खरी आहेत. मातीच्या गुणाने ती तुम्हाला पाणी देणार नाही. दिलं, तर ठरवून देईल.

ती आत जाते. बाहेर येते ती वाळक्या भोपळ्याच्या भांड्यात पाणी घेऊन. नदीच्या वाळूत झिरा खणून, तो भरेपर्यंत ताटकळून आणलेलं पाणी आहे हे. भांडं ती तुमच्यापासून हातभर लांब ठेवते आणि मागे सरते. तुम्ही एका दमात संपवता. ती दुसऱ्यांदा भरून आणते, या वेळी हातात देते.

मग मानेनेच सांगते, आत ये. इथे साहेबालाही अहो-जाहो नाही, सगळे एकेरीतच. आत कारवीचा कूड, वर शेणमाती, आणि त्यावर तांदळाच्या पिठाने काढलेला लग्नाचा चौक. रंग अजून पांढराशुभ्र आहे. घरात नुकतंच लग्न झालं. लग्न म्हणजे कर्ज. सावकाराकडून थोडेसे रुपये घेतले की नवरा त्याचा लग्नगडी, नवरीही त्याच्याच दारात राबायला. फिटेपर्यंत, म्हणजे बहुतेकांच्या बाबतीत मरेपर्यंत. चौकातल्या देवीकडे तुम्ही कौतुकाने बघत आहात. पुढे असली चित्रं विमानतळांच्या भिंतींवर लागतील. नवरा-नवरी कुठे आहेत, हे मात्र विचारू नका.

मातीच्या थाळीत आंबील येते. नागलीची, पातळ. पाऊस तोंडावर आला की कणगी रिकामी असते. खावटी काढायची ती आता. एक थाळी कमी म्हणजे संध्याकाळी कुणाच्या तरी वाट्याला कडूकंद. तुम्हाला हे माहीत नाही, म्हणून तुम्ही पोटभर पिता. न पिऊन तिचा अपमान करण्यापेक्षा ते बरं.

बाहेर चाहूल लागते. बाई तुम्हाला हाताने खाली बसवते आणि दारात जाऊन उभी राहते. जंगलखात्याचा शिपाई. दोन वाक्यं, एक शिवी, मग पावलं लांब जातात. तुम्ही इथे सापडला असतात तर तुम्हाला दोन प्रश्न विचारले असते. तिला प्रश्न विचारले नसते.

कारण आठवडाभरापूर्वी, २३ मेला, उत्तरेकडे झरीला हजारो वारली जमले होते. किसान सभेचा लाल बावटा, शामराव आणि गोदावरी परुळेकर. वेठ करायची नाही, असं तिथे ठरलं. तेव्हापासून पाड्यावरचा प्रत्येक अनोळखी पाहुणा संशयित आहे.

म्हणूनच आता ती विचारते, ‘तू बाईचं माणूस?’ बाई म्हणजे गोदावरी परुळेकर.

हो म्हणायचा मोह होईल. हो म्हटलंत की तुमची आंबील वसूल. पण तुम्ही खरं सांगा: नाही, वाट चुकलो. ती जराशी निराश झालेली तुम्हाला दिसेल. थाळी मात्र परत घेत नाही. उलट तळाशी उरलेलं ओतते.

तिला सांगण्यासारखं तुमच्याकडे पुष्कळ आहे. गवतकापणीच्या वेळी पाचशे रतलांना अडीच रुपये मागून या जंगलातली माणसं कोयते खाली ठेवतील. गोदावरीबाईंच्या जिवाला धोका आहे अशी हूल उठेल, हजारो वारली तलवाड्याला धावतील आणि १० ऑक्टोबरला तिथे गोळ्या सुटतील. जेठ्या गांगड आणि आणखी चौघे जातील. वेठ मात्र पुन्हा येणार नाही. यातलं काहीच सांगू नका. तलवाड्याला जाऊ नको, असं तुम्ही म्हणालात तरी ती ऐकणारी नाही, आणि तिने तुमचं का ऐकावं?

उन्हं कलली. बाई पोराला तुमच्याबरोबर देते. तो पुढे पळतो, थांबतो, पुन्हा पळतो. डहाणूच्या गाडीवाटेला लावून दिल्यावर तुम्ही खिशातून आणा काढता. तो मागे हात बांधतो. आईने सांगितलंय म्हणे, पैसा नको. सावकाराने हातात पैसा बघितला तर कुठून आला विचारेल.

पुन्हा या बाजूला आलास तर मीठ आण, म्हणाली. खडेमीठ.